मद्यार्काची शुद्धता आणि वाफेचा हिशेब

राज्यातील अनेक सहकारी साखर कारखान्यांना जोडून आसवनी असते. मळी आंबवून मिळणाऱ्या द्रावात मद्यार्क थोडा व पाणीच फार. मद्यार्क ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. तथापि एकदा उकळल्याने दोन्ही विलग होत नाहीत. म्हणून उंच स्तंभात एकावर एक थाळ्या बसवितात. चढती वाफ व उतरता द्रव यांची प्रत्येक थाळीवर गाठ पडते आणि वाफेतील मद्यार्क वाढत जातो.

हा द्रव येतो कोठून? माथ्यावरील वाफ थंड करून झालेल्या द्रवाचा काही भाग पुन्हा स्तंभात सोडतात. एक लिटर मद्यार्क बाहेर काढताना तीन लिटर परत सोडले, तर प्रत्यावर्तन प्रमाण ३ झाले. म्हणजे एका लिटरसाठी चार लिटरांची वाफ माथ्यापर्यंत पोहोचवावी लागते. तळाशी, बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या तुलनेत किती वाफ पुन्हा वर धाडली, ते पुनरुत्कलन प्रमाण.

ही दोन्ही प्रमाणे परस्परांशी बांधलेली आहेत. वाफ तितकीच ठेवून माथ्यावरचे प्रत्यावर्तन वाढविले, तर वरचा माल शुद्ध होतो खरा, पण मद्यार्क तळाच्या सांडपाण्यातून निसटू लागतो. शेतकऱ्याच्या उसाचेच ते मोल! उलट, नुसती वाफ वाढविल्यास पाणी वर चढते. सारेच परत सोडले तर विलगीकरण सर्वोत्तम, मात्र हाती थेंबही नाही. स्तंभ सुरू करताना काही वेळ असेच करतात.

प्रत्यावर्तन कितीही वाढविले तरी साध्या स्तंभात वजनी ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलमधील उरलेले पाणी रेणवीय चाळणीने काढतात.