जुने कॉम्प्युटर विकत घेण्याआधी गिऱ्हाईक ठरवा



जुने डेस्कटॉप आणि लॅपटॉप गोळा करून विकायचे, हा धंदा ऐकायला सोपा वाटतो. भंगाराच्या भावात उचलायचं, पुसायचं आणि 'व्हिंटेज' म्हणून विकायचं. त्यात बातम्यांची भर. २०१४ मध्ये अमेरिकेत एक ॲपल-१ लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. पण ॲपल-१ बनलेच होते जेमतेम दोनशे. ऑफिसच्या माळ्यावर धूळ खात पडलेले पेंटियम ४ लाखोंनी विकले गेलेत. दोन्ही जुनेच, पण बाजार वेगळा.

म्हणून आजचा धडा एकच: मशीन घेताना त्याचं गिऱ्हाईक कोण, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पैसे खिशात ठेवा.

आधी तीन गट करा

गट १: कामाचं जुनं. या गिऱ्हाईकाला हौस नाही, त्याचं काम अडलेलं आहे. वर्कशॉपमधल्या जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम सिरियल पोर्टमधून द्यावा लागतो. काही जुन्या एम्ब्रॉयडरी मशीन अजून फ्लॉपीवरून डिझाईन घेतात, आणि सोनीने तर २०११ मध्येच फ्लॉपी बनवणं थांबवलं. आपल्याकडच्या छापखान्यांत पेजमेकरमध्ये, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या वीस-वीस वर्षांच्या फाईल पडून आहेत. त्या उघडायला जुनं विंडोज लागतं, आणि कधी कधी मागच्या पॅरलल पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉकही. अशा माणसाला सिरियल आणि पॅरलल पोर्ट असलेलं, चालू, साफ मशीन द्या. तो भावापेक्षा भरवशाचे पैसे देतो.

एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगा: विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यामुळे हे मशीन इंटरनेटला जोडायचं नाही.

गट २: संग्रहाचं जुनं. १९८१ चा आयबीएम पीसी, १९८४ चा मॅकिंटॉश, १९९२ चा लाल टोपीच्या ट्रॅकपॉइंटचा थिंकपॅड ७००सी. भारतातलं म्हणाल तर बीबीसी मायक्रोवर आधारलेला एससीएल युनिकॉर्न किंवा एचसीएलचा बिझीबी. इथे किंमत पूर्णपणाला असते. मूळ कीबोर्ड, मॅन्युअल, फ्लॉपी, खोका, मागचं स्टिकर हे सगळं जपा. रंग मारू नका, स्टिकर खरवडू नका. गिऱ्हाईक थोडं आणि उशिरा मिळतं, म्हणून यात तेवढेच पैसे घाला जे वर्षभर अडकले तरी दुकान चालेल.

गट ३: नुसतं जुनं. म्हणजे बाकी सगळं. यातून रॅम, एसएमपीएस, केबल असे सुटे भाग काढता येतात. उरलेलं नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या हातात ते देऊ नका.

लॉटचा मोह आणि हिशोब

समजा, एक ऑफिस १० मशीनचा लॉट १२,००० रुपयांना देतंय. नगाला १,२०० पडले, स्वस्त वाटतं. पण त्यातली पहिल्या गटातली फक्त ३ आहेत.

- लॉट १२,००० + टेम्पो ८०० + तीन मशीनची दुरुस्ती ३,६०० = १६,४००
- तीन मशीनची विक्री प्रत्येकी ६,००० = १८,०००
- उरलेली सात भंगारात प्रत्येकी ३०० = २,१००
- हातात राहिले ३,७००

आता तीच ३ मशीन निवडून नगाला १,८०० देऊन घेतली, आणि गाडीवर घालून आणली तर? खरेदी ५,४०० + दुरुस्ती ३,६०० = ९,०००. विक्री १८,०००. हातात ९,०००. नग महाग घेतला, तरी नफा दुपटीहून जास्त, भांडवल जवळपास निम्मं, आणि दुकानाचा कोपरा मोकळा. आकडे तुमच्या गावात वेगळे असतील, पण हिशोबाची पद्धत हीच ठेवा.

पैसे देण्याआधीची तपासणी

१. लगेच प्लग लावू नका. मागे लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे का बघा. बाहेरून आलेलं मशीन ११५ वर असेल, तर आपल्या लाईटवर एसएमपीएस जागेवर उडतो.

२. कॅबिनेट उघडा. ३८६-४८६ च्या बोर्डावर बऱ्याचदा पिंपासारखी छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. ती गळली की आजूबाजूला हिरवट थर धरतो आणि बोर्डावरच्या रेषा खाऊन टाकतो. २००० च्या आसपासच्या बोर्डांवर कपॅसिटरची डोकी फुगलेली आहेत का ते पाहा.

३. तारीख-वेळ पुसली जातेय? घाबरू नका. बहुतेक वेळा सीआर२०३२ बटन सेल संपलेला असतो, किरकोळ खर्च आहे.

४. लॅपटॉप असेल तर फुगलेली बॅटरी, सैल बिजागरी आणि बायोस पासवर्ड बघा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड सेल काढून जात नाही. तिथे भाव पाडण्यापेक्षा व्यवहार सोडलेला बरा.

५. जाड काचेचा मॉनिटर उघडायचाच नाही. बंद असला तरी आत जीवघेणा विद्युतभार साठलेला असू शकतो.

दुरुस्तीत पहिलं काम: जुनी हार्ड डिस्क कधीही जाईल असं धरा. गिऱ्हाईकाचं मशीन असेल, तर आधी पूर्ण डिस्कची कॉपी, मग हात लावा. तुम्ही विकत घेतलेलं असेल, तर आधीच्या मालकाला डेटा हवाय का विचारा, आणि मग डिस्क नीट पुसा. नुसतं डिलीट करून फाईल जात नाही. कुणाच्या बँकेचे कागद तुमच्या दुकानातून बाहेर गेले, तर नाव तुमचं जाणार.

कागद पक्के ठेवा

प्रत्येक खरेदीला पावती, विकणाऱ्याची सही, ओळखपत्राची प्रत आणि मशीनचा सिरियल नंबर. चोरीचा माल निघाला तर हाच कागद कामी येतो.

जीएसटी नोंदणी असेल तर वापरलेल्या वस्तूंसाठी मार्जिनवर कर भरायची सोय आहे. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे वस्तूचं स्वरूप बदललेलं नसावं. १,८०० ला घेतलं, ६,००० ला विकलं, तर १८ टक्के कर ४,२०० वर, म्हणजे ७५६ रुपये. पूर्ण ६,००० वर तो १,०८० झाला असता. दुरुस्तीचा खर्च मात्र यात वजा होत नाही. पहिलं बिल करण्याआधी तुमच्या सीएला दाखवून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

एकही मशीन विकत घेऊ नका. एक छापखाना, एक सीएनसी वर्कशॉप, एक एम्ब्रॉयडरीवाला आणि एक जुना अकाउंटंट, अशा चौघांना भेटा. एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडचं कुठलं जुनं मशीन बंद पडलं तर काम थांबेल?" मॉडेल, पोर्ट, विंडोज कुठलं, सगळं वहीत लिहा. ही वही म्हणजेच तुमची खरेदीची यादी. ती हातात घेऊनच जुन्या बाजारात शिरा.

भेटूया पुढच्या धड्यात!