दुसरी बाटली

मुलाच्या दप्तरात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली. म्हणाला, "बाबा, मोबाइलनं डोळे चुरचुरतात." ती संपल्यावर दुसरी मीच मेडिकलमधून आणून दिली. गांजानं लाल झालेले डोळे तो त्या थेंबांनी निवळवत होता, हे कळायला आणखी आठ महिने गेले.

आमच्या घरात शिस्त होती. निदान मी तिला शिस्त म्हणायचो. मार्क कमी पडले की पट्टा निघायचा. सहावीत प्रगतिपुस्तकावर त्यानं माझी सही ठोकली, तेव्हा आठवडाभर बोललो नाही. त्याच्या आईचं उलट. माझा भडका नको म्हणून ती सगळं पदराआड घ्यायची: बुडवलेले क्लास, पुढं डाळीच्या डब्यातून गेलेले पैसेसुद्धा. "ह्यांना सांगू नकोस" हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य होतं, फक्त मला ते ऐकू येत नव्हतं.

व्यसनमुक्ती केंद्राच्या पालकसभेत तिथल्या ताईंनी डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांबद्दल सांगितलं. 1960च्या दशकात त्यांनी पालकांच्या तऱ्हा मांडल्या: नुसता धाक, नुसते लाड, आणि नियम पक्के पण पोराचं ऐकून घेणारे. या तिसऱ्यांच्या घरात नशेत अडकणं कमी दिसतं. मी म्हटलं, आमच्याकडे पहिल्या दोन्ही आहेत. ताई म्हणाल्या, "मग त्यानं खरं सांगायचं कुणाला?"

हे काही गणित नव्हे. माझा भाऊ माझ्याहून कडक, त्याची पोरं सुपारीलाही शिवत नाहीत.

पोलिसांच्या धास्तीनं आम्ही चार महिने वाया घालवले. तुम्ही घालवू नका. 1985च्या अमली पदार्थ कायद्यात 64-अ कलम आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. 14446 ही हेल्पलाइन मोफत आहे. आणि दप्तर तपासायचंच असेल तर पोराच्या देखत तपासा. पैशांबद्दल दोघांनी मिळून विचारा, एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं झाकायचं असं नको.

गेल्या दिवाळीत तो घसरला. स्वतःच येऊन म्हणाला, "बाबा, काल ओढली." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. त्याची आई काही सारवासारव करणार, तिला खुणेनं थांबवलं.

"बस," म्हटलं. "कुणाबरोबर होतास?"