उष्णता आणि रासायनिक क्रियेचा वेग

अंड्याच्या कवचाचे सारखे तुकडे दोन पेल्यांतील लिंबाच्या रसात टाकावेत. एक पेला गार पाण्यात व दुसरा हातास सोसवेल इतक्या ऊन पाण्यात ठेवावा. दुसऱ्यात बुडबुडे अधिक त्वरेने येतात. ‘रेणू अधिक वेळा आदळतात’ एवढेच कारण सांगणे अपुरे होय. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास वायूंतील आघात जेमतेम २ टक्के वाढतात. अनेक क्रियांचा वेग मात्र सुमारे दुप्पट होतो. क्रिया घडण्यास किमान ऊर्जा लागते, आणि तेवढी ऊर्जा असलेल्या रेणूंची संख्या उष्णतेने झपाट्याने वाढते. स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हे विशद केले. आगकाडीवर हवा सतत आदळते, तरी ती ओढल्याविना पेटत नाही. हे उदाहरण देऊन शिक्षकांनी खरे कारण मुलांकडूनच वदवून घ्यावे.