वनौषधींचे अर्क आणि रक्तवाहिन्यांची वाढ : एक परिचय

शरीरातील पेशींना प्राणवायू व पोषण रक्तातून मिळते. प्रौढ वयात नव्या रक्तवाहिन्या क्वचितच निर्माण होतात. जखम भरून येताना व गर्भावस्थेत मात्र त्यांची नितांत गरज असते. हीच वाढ अवेळी झाली, तर कर्करोगाच्या गाठीचे पोषण होते आणि मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावर नाजूक वाहिन्या वाढून दृष्टी धोक्यात येते. गाठीच्या रक्तवाहिन्या रोखल्यास तिची वाढही रोखता येईल, हा विचार अमेरिकन शल्यचिकित्सक डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. तेव्हापासून असा गुण असलेल्या द्रव्यांचा शोध वनस्पतींमध्येही घेतला जात आहे. हा शोध कसा घेतात, ते आपण पाहू.

प्रथम पाने अथवा मुळे सावलीत वाळवून त्यांची पूड करतात. ती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, द्रावक उडवून अर्क मिळवितात. चाचणीसाठी कोंबडीचे फलित अंडे वापरतात. सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमानात ते उबवत ठेवले, की काही दिवसांत गर्भाभोवतीच्या पातळ पटलावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते. कवचाला छोटी खिडकी पाडून अर्काने भिजविलेली चकती त्या पटलावर ठेवतात व दोन-तीन दिवसांनी चकतीभोवतीच्या वाहिन्या मोजतात.

येथे तुलना महत्त्वाची असते. काही अंड्यांवर अर्क, काहींवर केवळ द्रावक आणि काहींवर गुण आधीच ठाऊक असलेले औषध ठेवतात. मोजणाऱ्यास कोणते अंडे कोणत्या गटातील आहे, हे सांगत नाहीत. नाहीतर मनातील अपेक्षा डोळ्यांत उतरते. शिवाय वाहिन्या कमी दिसल्या, म्हणजे औषध सापडले असे नव्हे. विषारी द्रव्यानेही पेशी मरतात व वाहिन्या घटतात. म्हणून मात्रा बदलून विषारीपणाची वेगळी तपासणी करावी लागते.

आपल्या अंगणातील सदाफुलीचे उदाहरण बोलके आहे. मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून ती तपासताना १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांना दिसले, की तिच्या अर्काने पांढऱ्या रक्तपेशी घटतात. त्यातून व्हिनब्लास्टीन हे कर्करोगावरील औषध हाती आले. मात्र ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. सदाफुलीची पाने चघळणे हा त्याला पर्याय नाही. ती पाने विषारी असतात.

थॅलिडोमाइडची कथा याहून गंभीर आहे. गर्भवतींनी मळमळीवर घेतलेल्या या कृत्रिम औषधामुळे हजारो बालके अपंग जन्मली आणि १९६१ साली जर्मनीत ते बाजारातून काढून घेण्यात आले. ते रक्तवाहिन्यांची वाढ रोखते, हे १९९४ साली प्रयोगातून दिसून आले. गाठीला जे रोखते, ते वाढत्या गर्भालाही रोखू शकते.

म्हणूनच पालकांना आमची विनंती आहे, की 'झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही' या समजुतीवर विसंबू नये. घरात गर्भवती असेल, कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर कोणताही काढा देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि चालू उपचार सोडू नयेत. अंड्यावरील यश ही पहिली पायरी आहे; त्यापुढे प्राण्यांवरील व नंतर माणसांवरील चाचण्यांचा दीर्घ मार्ग असतो. आजीबाईच्या बटव्याचा आदर राखावा. त्यातील प्रत्येक मुळीला मात्र प्रश्न विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांनी अंगी बाणवावी.