मातीची परीक्षा

गणना 13:20 मध्ये मोशे हेरांना कनान देशात पाठवतो. माणसे आणि नगरे यांच्याबरोबरच तेथील जमीन सकस आहे की निकस, हेही पाहायला सांगतो. या पाठात तेच काम आपण परसबागेत करू.

जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या कोरकू, भिलाला, निहाल वस्त्यांवर मी जाते. भाजी पिवळी पडली की उधारीवर युरिया आणला जातो. पण कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडते आहे. तिथे युरियाचा उपयोग नाही. कर्ज मात्र वाढते.

घरची तपासणी. वाळलेल्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखड आहे. सामू पाहायला एक भाग माती अडीच भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, अर्ध्या तासाने सामूपट्टी बुडवा. 6.5 ते 7.5 बहुतेक भाज्यांना मानवतो. 8 च्या वर गेला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे.

प्रयोगशाळेची तपासणी. नत्र, स्फुरद, पालाश घरी खात्रीने कळत नाहीत. त्यासाठी नमुना असा घ्या:

1. बागेत नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. उकिरडा, बांध, झाडाची सावली आणि नुकतेच खत दिलेली जागा टाळा.
2. वरचा पालापाचोळा काढून वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या.
3. सगळी माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा.
4. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताची गोणी नको. नाव, गाव, गट क्रमांक आणि पुढचे पीक लिहा.

नमुना सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटकांची नोंद असते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असेल तर आधी शेणखत, कंपोस्ट वाढवा. जिप्सम अहवालात सांगितले असेल तरच टाका.

वाचकहो, पत्रिका हातात येते, पण वाचता न येणाऱ्या घरात ती आढ्याला खोचलेली राहते. पुढच्या वस्तीभेटीत एका घरी बसा, पत्रिका मोठ्याने वाचा, आणि कोणते खत विकत घ्यायची गरज नाही ते आधी सांगा.