बत्तीस टोकांचा मोह

रेल्वेच्या डब्यात, जत्रेत किंवा फुटपाथवर मिळणारा बत्तीस टोकांचा स्क्रूड्रायव्हर संच बऱ्याच घरांत एकदा तरी येऊन जातो. पारदर्शक झाकण, चकचकीत टोकं आणि वर ठळक अक्षरांत ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे पोलादाचं नाव. प्रस्तुत लेखकाच्या घरीही असा एक होता. जुन्या मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरची वाटी उघडताना त्याचं स्टार टोक खाचेत गरकन फिरलं. टोकाच्या कडा गोल झाल्या आणि स्क्रूचं डोकंही खाल्लं गेलं. शेवटी तो स्क्रू ड्रिलनं काढावा लागला आणि मजुरी संचाच्या किमतीपेक्षा जास्त झाली.

दोष मऊ पोलादाचा होता, पण सगळा नव्हे. दुकानात ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतात, ते तीन वेगळे प्रकार आहेत. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाची, 1936 मध्ये पेटंट मिळालेली फुली उतरत्या भिंतींची असते. जोर वाढला की टोक वर सरकू लागतं. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे स्क्रू दिसायला तसेच, पण खाचेचा आकार किंचित निराळा, त्यामुळे फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. तिसरा पोझिड्राइव्ह. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांवर तो सर्रास दिसतो. फुलीच्या मधल्या जागेत चार बारीक रेघा असतात. त्यात साधा स्टार कोंबून दार सरळ करणारे मुरलेले सुतारही आहेत, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही.

तेव्हा पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाताना घरातला एखादा स्क्रू खिशात टाकावा. टोक त्यात बसवून हलवून पाहावं. खुळखुळलं तर परत ठेवावं, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. फिलिप्सच्या मापांपैकी (पीएच) घरकामात सर्वात जास्त लागतं ते पीएच 2, त्याखालोखाल पीएच 1. चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं नको. शेवटच्या भागात दोन्ही बाजू समांतर हव्यात, नाहीतर ते खाचेतून निसटतं. चकाकीला भुलू नये. कित्येक चांगल्या स्क्रूड्रायव्हरांची टोकं मुद्दाम काळी ठेवलेली असतात, कारण जाड मुलामा माप बिघडवतो आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात.

मूठ जाड हवी. तेवढ्याच ताकदीत जास्त पीळ बसतो. मुठीजवळ दांडा षट्कोनी असेल तर जाम झालेल्या स्क्रूसाठी त्याला पान्हा लावता येतो. नाशिकच्या टपारियासारख्या ओळखीच्या कंपनीचे दोन-तीन सुटे नग घेतले, तर पहिल्या खरेदीला पुरतं.

चांगला स्क्रूड्रायव्हरही डब्याची झाकणं उचकटून आणि हातोडीखाली छिन्नी बनून मरतो. त्या कामाला तो जुना संच ठेवावा.

विजेच्या कामाचं मात्र वेगळं. प्लास्टिकची मूठ म्हणजे संरक्षण नव्हे. टोक सोडून पूर्ण दांड्यावर आवरण, आणि दोन त्रिकोणांच्या खुणेसोबत ‘1000 व्ही’ असं कोरलेलं असेल तोच घ्यावा; तरीही आधी मेन स्विच बंद करावा. टेस्टर फक्त वीज आहे की नाही ते पाहायला आहे, त्यानं स्क्रू आवळू नयेत.