दुकान चालू आहे तोवर ठरव

हात चालतायत तोवर शिवत राहणार म्हणतोस, तर राहा की. पण नोकरीवाल्याला 58व्या किंवा 60व्या वर्षी कंपनी नारळ देते, आपल्याला तारीख देणारं कोणी नाही. मग आपण ठरवत नाही आणि एखादं दुखणंच ठरवून मोकळं होतं.

शिंप्याचे आधी डोळे जातात, मग पाठ. संध्याकाळी काळ्या कापडावरची काळी टीप दिसेनाशी झाली की समजून घे. दुकान बंद करायला लागू नकोस, काम बदल. शिलाई नगावर कारागिराकडे दे. माप, कापणी आणि ट्रायल आपल्या हातात ठेव. गिऱ्हाईक येतं ते तुझ्या कात्रीच्या भरवशावर. आल्टरेशनला नाही म्हणायला शीक, त्यात पैसे थोडे आणि डोळे फार जातात. लग्नसराई सोडू नकोस, फक्त निम्म्या ऑर्डरी घे.

दुकान हीच आपली पेन्शन, असं धरून बसलेले मी खूप पाहिले. अरे, भाड्याच्या गाळ्यात आपलं असतं काय? दोन मशीन, एक कटिंग टेबल आणि लोकांकडची उधारी. आपण घरी बसलो की ती उधारी बुडालीच.

म्हणून पीपीएफ काढलं नसशील तर आत्ता काढ. 52व्या वर्षी काढलंस तर सदुसष्ट-अडुसष्टला हातात येईल. वर्षाला 500 रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात. आणि उद्या कापडवाल्यानं उधारीपायी कोर्टाचा हुकूमनामा आणला, तरी त्या खात्यावर जप्ती येत नाही. धंदेवाल्यानं हे पक्कं लक्षात ठेवावं. साठ पूर्ण झाली की पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना धंदेवाल्यालाही खुली आहे; 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. कारागीर चाळिशीच्या आत असेल आणि आयकर भरत नसेल, तर त्याला अटल पेन्शन काढून दे. चाळिशीनंतर घेत नाहीत.

सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत इलाज होतो, उत्पन्न कितीही असो. मधली वर्षं मात्र उघडी राहतात. साखर-बीपी मागे लागायच्या आत आरोग्य विमा घेऊन टाक.

आणि थांबायचं वर्ष घरच्यांना सांग, कारागिरालाही सांग. दुकान त्याला द्यायचं मनात असेल तर आधी गाळेमालकाशी बोल, मगच शब्द दे. पुढचा भाडेकरारही त्या वर्षाच्या पलीकडे नेऊ नकोस.